अंड्यांसाठी गोळीबार झालेलं बेट: फॅरालोनची गोष्ट

आजच्या भागात एका युद्धाची गोष्ट आहे, पण त्यात ना राजा आहे, ना राज्य.

तारीख ३ जून १८६३. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात आहे, गेटिसबर्गची मोठी लढाई अजून महिनाभर लांब आहे. आणि त्याच वेळी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागरातल्या एका उघड्याबोडक्या खडकावर दोन टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडतायत. सोन्यासाठी नाही, जमिनीसाठीही नाही. पक्ष्यांच्या अंड्यांसाठी!

इतिहासात हे 'एग वॉर' म्हणून ओळखलं जातं. इंटरनेटवर ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मलाही ती आधी तशीच भेटली. पण त्या बेटाबद्दल वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की गोळीबार हा या गोष्टीचा सगळ्यात छोटा भाग आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. माणसानं एखादं बेट लुटणं थांबवलं, की ते बेट वाचलं असं म्हणायचं का? की आपण मागे सोडलेल्या गोष्टी आपल्यानंतरही तिथं काम करत राहतात?

चला, सुरुवातीपासून बघू.

२११ एकरांत एवढं काय आहे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापासून पश्चिमेला, भर समुद्रात सुमारे ४५ किलोमीटरवर फॅरालोन बेटं आहेत. समुद्रातून सरळ वर आलेल्या टोकदार खडकाला स्पॅनिशमध्ये 'फॅरालोन' म्हणतात, त्यावरून हे नाव. हवा स्वच्छ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर काळे दात दिसावेत तशी ती दिसतात. बे एरियात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर पुढच्या वेळी ओशन बीचवर गेल्यावर धुकं नसेल तर नक्की बघा.

सगळी बेटं मिळून जेमतेम २११ एकर. आयआयटी मुंबईचा कॅम्पस याच्या दुपटीहून मोठा आहे. झाडं जवळपास नाहीत, गोडं पाणी नावापुरतं. आणि तरीही अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेतली समुद्रपक्ष्यांची सगळ्यात मोठी वसाहत इथं आहे.

का? उत्तर पाण्यात आहे. वसंत ऋतूत या किनाऱ्यावर वायव्येकडून जोराचा वारा वाहतो. तो समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात पोषकद्रव्यं ठासून भरलेली असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर क्रिल आणि छोटे मासे, आणि त्यांच्यावर पक्षी, सील, व्हेल. थोडक्यात, भरल्या ताटाशेजारी राहायला एक खोली. त्यात कोल्हा नाही, मांजर नाही, साप नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला आणखी काय पाहिजे?

आजच्या गोष्टीतला मुख्य पक्षी म्हणजे 'मर'. हो, इंग्रजीत त्याचं नाव तेच आहे, कॉमन मर. मराठी माणसाला हा पक्ष्याचं नाव कमी आणि शाप जास्त वाटेल, आणि त्याच्या नशिबी जे आलं ते बघता तो खरा ठरायलाही फार वेळ लागला नाही. दिसायला काळा-पांढरा, उभा राहिला की छोट्या पेंग्विनसारखा, पण हा उडतो. घरटं बांधत नाही. उघड्या खडकावर, एकमेकांना खेटून, हजारोंच्या दाटीत मादी एकच अंडं घालते. अंडं मोठं, एका टोकाला निमुळतं, आणि रंग-नक्षी प्रत्येक अंड्याची वेगळी. कुठलं निळसर-हिरवं, कुठलं पांढरट, त्यावर शाईचे फराटे मारल्यासारखे. त्या गर्दीत आईबापांना आपलं अंडं ओळखता यावं, म्हणून. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, की उडता येत नसतानाही कड्यावरून समुद्रात उडी मारतं आणि पुढे समुद्रात बाप त्याला सांभाळतो.

हे सगळं गणित एकाच गोष्टीवर उभं आहे: तिथं कुणी येत नाही.

आधी सील गेले

पण लोक आले. १५७९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक इथं थांबला आणि सील आणि पक्ष्यांचं मांस घेऊन पुढे गेला. एका जहाजाची शिदोरी, एवढंच. त्यानं बेटाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते बाजारपेठ आल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या जहाजांना चीनच्या कँटन बंदरात चहा आणि रेशीम घ्यायचं होतं, पण बदल्यात द्यायला चिनी व्यापाऱ्यांना आवडेल असा माल त्यांच्याकडे कमी होता. फर सीलची मऊ, दाट कातडी तिथं खपायची. मग काय, १८१० च्या आसपास काही हंगामांतच फॅरालोनवरून हजारोंनी कातडी निघाली. फर सील पिल्लांना जन्म द्यायला दरवर्षी किनाऱ्यावर येतात, दाटीवाटीनं राहतात आणि जमिनीवर त्यांना पळता येत नाही. मारायला बंदूकही लागत नाही, दांडकं पुरतं.

मग आले रशियन. होय, कॅलिफोर्नियात रशियन! रशियन-अमेरिकन कंपनीनं १८१२ मध्ये किनाऱ्यावर फोर्ट रॉस वसवला आणि फॅरालोनवर शिकारीचं ठाणं केलं. प्रत्यक्ष काम करायला अलास्काकडून आणलेले मूलनिवासी शिकारी होते. दगडाच्या झोपड्यांत, लाकूड नाही, धड पाणी नाही, खायला सी लायनचं मांस. त्यांनाही ही बेटं काही सुखाची नव्हती. सुरुवातीला वर्षाला हजाराच्या वर कातडी मिळायची. मग काहीशे. १८३० च्या दशकात तर मोजकीच. १८४१ मध्ये रशियनांनी फोर्ट रॉस विकून टाकला आणि ते परत गेले. तोपर्यंत फॅरालोनवरचे फर सील संपले होते. एलिफंट सीलचंही तेच झालं, त्यांच्या चरबीच्या तेलासाठी.

इथं एक नाव लक्षात ठेवा. फोर्ट रॉस विकत घेणारा माणूस होता जॉन सटर. सात वर्षांनी, जानेवारी १८४८ मध्ये, याच सटरच्या लाकूड गिरणीपाशी सोन्याचे कण सापडले आणि कॅलिफोर्नियाचा 'गोल्ड रश' सुरू झाला. सीलची गोष्ट जिथं संपते, तिथंच अंड्यांची सुरू होते.

एका डॉलरला एक अंडं

१८४८ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को म्हणजे हजारभर वस्तीचं गाव होतं. दोनच वर्षांत तिथं पंचवीस हजारांच्या आसपास लोक आले. बहुतेक तरुण पुरुष, सगळे सोनं शोधायला. शेती करायला आणि कोंबड्या पाळायला कुणी आलं नव्हतं. खिशात सोनं आहे, पण ताटात काही नाही, अशी अवस्था. कोंबडीचं एक अंडं एक-एक डॉलरला विकलं जात होतं.

१८४९ मध्ये 'डॉक' रॉबिन्सन नावाच्या एका औषधविक्याच्या डोक्यात फॅरालोनची कल्पना आली. तो आपल्या मेहुण्याला घेऊन होडीनं तिकडे गेला आणि मर पक्ष्यांची अंडी भरून आणली. परतताना समुद्र खवळला आणि निम्मी अंडी फुटली. उरलेल्या निम्म्यांचे साधारण ३,००० डॉलर झाले. त्या प्रवासाचा त्यानं असा धसका घेतला, की तो परत गेला नाही. पण शहराला कळायचं ते कळलं होतं.

चवीचं म्हणाल तर, बलक लालभडक आणि शिजवल्यावरही पांढरा भाग पारदर्शक राहायचा. ताजं असेल तर चांगलं, शिळं झालं की माशाचा वास. पण आकार कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट, आणि केकमध्ये कुणाला कळतंय!

लगेच एक कंपनी उभी राहिली. सहा जणांनी बेटावर जाऊन 'हे आमचं' असं जाहीर केलं. मालकीचा कागद नाही, कसली परवानगी नाही. आधी पोचलो म्हणून आमचं. आणि मग अंडी गोळा करण्याची जी पद्धत बसली, ती ऐका.

हंगामाच्या पहिल्या दिवशी माणसं ठरलेल्या कड्यांवर जायची आणि तिथली असतील तेवढी सगळी अंडी फोडून टाकायची. का? कारण त्यातली कुठली ताजी आणि कुठली उबवत आलेली, हे बाहेरून कळत नाही. सगळी फोडली, की दुसऱ्या दिवशी तिथं जे दिसेल ते ताजंच असणार. मर पक्ष्याचं अंडं गेलं तर मादी थोड्या दिवसांनी दुसरं घालते. तेही उचलायचं. पिठाच्या पोत्यांचे सदरे शिवलेले, त्यात पुढे-मागे अंडी भरायची आणि निसरड्या कड्यावरून खाली उतरायचं. माणसं खाली पडून मरायचीसुद्धा. आणि माणूस जवळ आला की मर घाबरून उडायचे, त्या क्षणाची वाटच बघत बसलेले गल पक्षी झडप घालून उरलेली अंडी पळवायचे.

१८५४ मध्ये एकाच हंगामात पाच लाखांच्या वर अंडी शहरात विकली गेली. पाच लाख! एक मादी, एक अंडं, एक पिल्लू, या हिशोबाने ही एका वर्षाची जवळपास अख्खी पिढी.

सरकारचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. जहाजं खडकांवर आपटू नयेत म्हणून तिथं दीपगृह बांधायचं होतं. त्याचाही एक किस्सा आहे. मनोरा बांधून झाला, फ्रान्सहून भलीमोठी भिंगांची चौकट आली आणि मग कळलं की ती मनोऱ्यात मावतच नाही. मनोरा पाडून पुन्हा बांधला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना यात काही नवीन वाटणार नाही. १८५५ मध्ये दिवा लागला आणि आता बेटावर दोन गट झाले: सरकारी दीपगृह राखणारे आणि अंडीवाले. राखणाऱ्यांनाही अंड्यांचा मोह होताच. त्यातल्या एकाला तर १८६० मध्ये अंड्यांची मक्तेदारी मिळवायला बघतो म्हणून नोकरीवरून काढलं.

आणि तिसरा गट होता शहरातले मच्छीमार, त्यात इटालियन बरेच. त्यांचा प्रश्न सरळ होता: समुद्र सगळ्यांचा, मग अंडी एकट्या कंपनीची कशी?

२ जून १८६३ च्या संध्याकाळी डेव्हिड बॅचेल्डर नावाचा माणूस तीन होड्या आणि २७ हत्यारबंद लोक घेऊन बेटाजवळ आला. कंपनीचा मुकादम आयझॅक हॅरिंग्टन यानं बजावलं, पाय ठेवाल तर परिणाम भोगाल. रात्र तणावात गेली. सकाळी होड्या किनाऱ्याकडे सरकल्या आणि गोळीबार सुरू झाला. वीसेक मिनिटं चालला. कंपनीचा एडवर्ड पर्किन्स जागीच ठार झाला. होड्यांमधले पाच जण जखमी झाले, त्यातला एक काही दिवसांनी गेला. बॅचेल्डरला शिक्षा झाली, पण पुढे तांत्रिक मुद्द्यावर ती रद्द झाली. मक्तेदारी कंपनीकडेच राहिली.

या भांडणात पक्ष्यांच्या बाजूनं कुणीच नव्हतं. दोन्हीकडचे लोक एवढ्याचसाठी लढत होते, की लूट कोणी करायची.

थांबलं कसं?

आता इथं आपल्याला वाटतं, की कुणीतरी भला माणूस उभा राहिला असेल, लोकांचं मन पालटलं असेल. थोडंसं तसंही झालं, पण आधी काय झालं ते बघा.

१८८१ मध्ये सैनिकांनी कंपनीला बेटावरून बाहेर काढलं, तेही पक्ष्यांसाठी नाही, तर दीपगृहाच्या कामात त्रास होतो म्हणून. कंपनी गेली तरी दीपगृहाचे लोक आणि मच्छीमार अंडी काढतच राहिले.

दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमा नावाच्या गावात लायमन बाइस या माणसानं १८७९ च्या सुमाराला कोंबडीची अंडी उबवणारं यंत्र तयार केलं. पेटालुमात कोंबड्यांची मोठमोठी फार्म्स उभी राहिली आणि बाजारात स्वस्त अंडी आली. मरच्या अंड्यांचा भाव कोसळला. आणि तोपर्यंत अंडीही उरली नव्हती. १८९६ मध्ये सगळ्या हंगामात मिळून नव्वद हजारांच्या आसपासच निघाली. १८५४ शी तुलना करा.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे पक्षीशास्त्रज्ञ लेव्हरेट लूमिस यांनी बेटाला भेट दिली आणि हा धंदा बंद करावा म्हणून पाठपुरावा केला. वर्ष संपायच्या आत दीपगृह खात्यानं अंड्यांच्या व्यापारावर बंदी घातली. म्हणजे धंदा मरणपंथाला लागला होता आणि बंदीनं शेवटचा धक्का दिला. मला यात लूमिस यांचं श्रेय कमी करायचं नाही. उलट मला वाटतं, की नेमक्या वेळी कागद पुढे सरकवणारा माणूस लागतोच. पण नुसत्या चांगुलपणावर हे झालं नाही. कोंबडीचाही त्यात वाटा आहे!

१९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी उत्तरेकडची छोटी बेटं पक्ष्यांसाठी राखीव केली. गंमत अशी, की दीपगृह असलेलं मोठं बेट, जिथं बहुतेक पक्षी होते, ते त्यात नव्हतं. ते सामील व्हायला १९६९ उजाडलं. साठ वर्षं!

लूट थांबली, मग पुढे?

आता मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. अंडी काढणं थांबलं, तरी मर परतले नाहीत. किमान चार लाख पक्ष्यांची ही वसाहत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही हजारांवर आली. कारण आता नवीन गोष्ट आली होती: तेल. जहाजं टाक्या धुऊन तेलकट पाणी समुद्रात सोडायची. मर पाण्यात बुडी मारून मासे धरतो. पिसांना तेल लागलं, की पिसांमधली हवा जाते, थंड पाणी अंगाला लागतं आणि पक्षी गारठून मरतो.

१९६८ मध्ये पॉइंट रेज बर्ड ऑब्झर्व्हेटरी या संस्थेचे लोक बेटावर राहायला गेले. आज ती संस्था पॉइंट ब्लू कन्झर्व्हेशन सायन्स या नावानं ओळखली जाते. त्यांचं काम ऐकायला अगदी कंटाळवाणं आहे: मोजणं. रोज किती पक्षी, कुठल्या कड्यावर किती अंडी, किती पिल्लं जगली, किती सील आले. पाऊस असो, वारा असो, वर्षानुवर्षं. मी रोज सर्व्हरचे लॉग बघणारा माणूस आहे, म्हणून मला याची किंमत कळते. ज्या सिस्टीमचे लॉग नाहीत, तिथं बिघाड कधी सुरू झाला हे कुणीच सांगू शकत नाही. या मोजदादीमुळेच फॅरालोनवरचे एकेक जुने बिघाड सापडत गेले.

पहिला बिघाड: ससे. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी खाण्यासाठी सोडले होते. ते गवत फस्त करायचे आणि बिळांत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या जागा बळकवायचे. १९७४ पर्यंत ससे पूर्ण काढले. चोचीवर छोटं शिंग असलेला ऱ्हायनोसेरस ऑकलेट हा पक्षी बेटावरून कधीचा नाहीसा झाला होता. ससे गेल्यावर काही वर्षांत तो परत आला, आपणहून.

दुसरा: जाळी. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळच्या गिलनेट जाळ्यांमध्ये अडकून मध्य कॅलिफोर्नियात हजारो मर बुडून मेले. आकडे समोर आल्यावर त्या जाळ्यांवर बंधनं आली.

तिसरा मात्र डिटेक्टिव्ह कथेसारखा आहे. १९९० नंतर दर हिवाळ्यात किनाऱ्यावर तेलानं माखलेले पक्षी येऊन पडायचे. पण आसपास कुठल्याही जहाजाला अपघात झालेला नसायचा. तेल येतंय कुठून? प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते, बोटांच्या ठशासारखी. शास्त्रज्ञांनी ते ठसे जुळवले आणि २००२ मध्ये गुन्हेगार सापडला: जेकब लुकेनबाक नावाचं मालवाहू जहाज. ते १९५३ मध्ये, कोरियन युद्धाचा माल घेऊन निघालेलं असताना, दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन गोल्डन गेटच्या बाहेर बुडालं होतं. वादळ आलं की तळाशी पडलेल्या त्याच्या टाक्यांमधून तेल पाझरायचं. १९९० ते २००३ या काळात त्या तेलानं ५० हजारांहून जास्त पक्षी मारले. २००२ च्या उन्हाळ्यात पाणबुड्यांनी खाली जाऊन टाक्यांमधलं शक्य तेवढं तेल उपसलं. जहाज बुडालं तेव्हा यातल्या एकाही पक्ष्याचा जन्म झाला नसेल, पण त्यांचं मरण त्या टाक्यांत आधीच भरून ठेवलेलं होतं.

आणि चांगल्या बातम्या? आहेत ना! १९७२ मध्ये अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याच वर्षी फॅरालोनवर एलिफंट सीलचं पिल्लू जन्मलं, शंभराहून जास्त वर्षांनी पहिलं. १९९६ मध्ये फर सीलचं पिल्लू जन्मलं. बॉस्टनवाले आणि रशियन ज्यांना संपवून गेले होते, ते दीडशेहून अधिक वर्षांनी परतले. मर पक्षीही पुन्हा लाखांच्या घरात पोचले.

यासाठी काय करावं लागलं? पर्यटकांना बेटावर उतरायला बंदी. होड्यांना लांबून जायची सक्ती. विमानांना खाली उडायला मनाई. आणि दीपगृह १९७२ मध्ये स्वयंचलित झाल्यामुळे तिथली वस्तीही उठली. जागा मोकळी ठेवली, एवढंच. बाकीचं सीलनी केलं.

उरलेला एक बिघाड

पण एक पाहुणा गेलेला नाही. साधा घरातला उंदीर. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर आला आणि राहिला. शरद ऋतूत फॅरालोनवर एका एकरात जवळपास ४९० उंदीर असतात. जगातल्या कुठल्याही बेटावर याहून दाट वस्ती सहसा सापडत नाही.

हे उंदीर पक्ष्यांना थेट फारसे खात नाहीत. गोष्ट आडवळणाची आहे. शरद ऋतूत दक्षिणेकडे स्थलांतर करणारी बिळातली घुबडं बेटावर टेकतात. एरवी ती पुढे गेली असती. पण इथं उंदरांची मेजवानी आहे, म्हणून मुक्काम करतात. हिवाळ्यात उंदीर एकदम कमी होतात. उपाशी घुबडं मग ॲशी स्टॉर्म पेट्रेल या पक्ष्यावर हल्ला करतात. हा राखाडी रंगाचा, चाळीसेक ग्रॅमचा चिमुकला समुद्रपक्षी, फक्त रात्री बेटावर येणारा. वर्षाला एकच अंडं घालतो. जगातल्या या जातीचे साधारण निम्मे पक्षी एकट्या फॅरालोनवर वीण करतात. म्हणजे उंदरामुळे घुबड थांबतं, घुबडामुळे पेट्रेल मरतो, आणि शेवटी बऱ्याचदा घुबडही उपाशी मरतं. शिवाय फक्त याच बेटांवर सापडणारा एक नाकतोड्याच्या जातीचा किडा आहे, तो उंदीर खातात ते वेगळंच.

उपाय? अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं सुचवलेला उपाय ऐकून लोक दचकले: हेलिकॉप्टरमधून उंदराचं विष टाकायचं. ब्रोडिफॅकम नावाचं, सुमारे १,३०० किलो गोळ्या. त्यात विषाचं प्रमाण दहा लाखात २५ भाग, म्हणजे हिशोब केला तर निव्वळ विष ३३ ग्रॅमच्या आसपास. पण हे साधं विष नाही. विष खाल्लेला उंदीर ज्यानं खाल्ला, त्याच्याही अंगात ते जातं. ह्याच प्रकारच्या विषांच्या वापरावर कॅलिफोर्नियानं २०२० च्या कायद्यानं कडक बंधनं घातली आहेत, काही अपवाद सोडून.

विरोधकांचं म्हणणं होतं: गल पक्षी विष खाऊन शहरात जाऊन मरतील, शिकारी पक्षी मरतील, समुद्रात विष जाईल. हे काही हवेतलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर अशाच मोहिमेत दोन हजारांहून जास्त इतर पक्षी मेले. पण २०१४ मध्ये ते बेट उंदीर आणि सशांपासून मुक्त जाहीर झालं आणि समुद्रपक्षी परत वाढू लागले. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया २०१८ मध्ये मुक्त झालं. उलट गॉफ बेटावर २०२१ मध्ये मोठी मोहीम झाली आणि काही महिन्यांतच कॅमेऱ्यात पुन्हा एक उंदीर दिसला. एक जोडी उरली, तर सगळं पाण्यात.

डिसेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टी आयोगानं ५ विरुद्ध ३ मतांनी या योजनेला अटींसह संमती दिली. पाच विरुद्ध तीन, यावरूनच कळतं की प्रश्न किती अवघड आहे.

माझं मत विचाराल तर मी त्या पाचांच्या बाजूनं आहे, पण आनंदानं नाही. 'निसर्गात ढवळाढवळ नको' हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण उंदीर तिथं निसर्गानं आणला नाही, आपण आणला. तो ठेवणं हाही आपलाच निर्णय आहे, आणि त्याची किंमत दर हिवाळ्यात पेट्रेल मोजतोय. विरोध करणाऱ्या तिघांमुळेही काही चांगलंच झालं: गल पक्ष्यांना त्या काळात बेटापासून हुसकावून दूर कसं ठेवायचं, पाऊस कधी, नंतर मोजणी कोण करणार, या प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागली. १८५१ मध्ये असे तीन जण असते, तर कदाचित एग वॉर झालंच नसतं.

आपल्याकडे

ही गोष्ट लांबची वाटत असेल, तर सिंधुदुर्गाच्या नकाशावर वेंगुर्ला रॉक्स शोधा. निवतीच्या समुद्रातले खडक, त्यावर दीपगृह. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. लाळेपासून बनवलेली त्यांची घरटी पूर्व आशियात सूपसाठी महाग विकली जातात, म्हणून ती इथूनही चोरली गेली आहेत. समुद्रावर सुरय पक्षीही तिथं दिसतात. माणसं बदलली, पक्षी बदलला, बाजारपेठ बदलली. खडक, दीपगृह आणि लांबचं गिऱ्हाईक मात्र तेच. तुमच्यापैकी कुणी मालवण-वेंगुर्ल्याचं असेल आणि तिथल्या जुन्या लोकांकडून काही ऐकलं असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. कुठल्याही बेटाच्या मोजणीची सुरुवात अशीच होते, कुणीतरी आधी काय होतं हे सांगण्यापासून.

फॅरालोनकडून मी एवढं घेतलं: लूट थांबवायला एक हुकूम पुरतो, पण लुटीनं मागे ठेवलेलं निस्तरायला काही पिढ्या लागतात. अंड्यांचा धंदा साधारण पन्नास वर्षं चालला. त्याच्या आणि त्याच्या आसपासच्या काळाच्या खुणा पुसण्याचं काम १९६८ पासून चालू आहे, आणि अजून एक उंदीर बाकी आहे.

आजच्यासाठी एवढंच. भाग आवडला असेल तर अंडाभुर्जी खाता खाता एखाद्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!